एकवीस ऑक्टोबरची यादी

वारज्यात राहणाऱ्या माणसाला सैनिकाचा मान राखायला शिकवावे लागत नाही. आमच्या गावाला आता गाव म्हणण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. १९९७ साली ते पुणे महानगरपालिकेत गेले, तरी तोंडात अजून ‘गाव’च येते. या गावातून शिवणे, उत्तमनगरावरून जो रस्ता जातो, तो राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या दाराशी जाऊन थांबतो. प्रबोधिनीच्या आवारात कॅडेटांनी श्रमदानाने बांधलेली एक स्मृतिकुटी आहे. तेथून शिकून गेलेले आणि पुढे रणात पडलेले अधिकारी कोण, हे तिथे शिरणाऱ्या नव्या पोराला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. आपणही त्या रस्त्याने जाताना गणवेशातला मुलगा दिसला की जरा कौतुकाने पाहतो.

त्याच रस्त्याच्या तोंडाशी, मुंबई-बंगळूर महामार्गाच्या पुलाखाली आणखी एक गणवेश उभा असतो. पावसाळी कोट, हातात शिट्टी, नाकावर रुमाल. त्याच्याकडे आपण कौतुकाने पाहतो का? खरे सांगायचे तर आपण त्याच्याकडे पाहतच नाही. पाहिले तरी पावती फाडतो की काय, या भीतीने पाहतो. हा दोष एकट्या आपला नाही, आणि त्या शिट्टीवाल्याचाही सगळा नाही. पण पोलिसाच्या सेवेचा आणि बलिदानाचा मान राखणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न विचारायचा झाला तर तो या पुलाखालूनच विचारावा लागतो. त्यासाठी एका तारखेची हकीकत आधी सांगितली पाहिजे. ती तारीख आहे २१ ऑक्टोबर.

मी महाविद्यालयात शिकवतो. एकदा वर्गात सहज विचारले, की २१ ऑक्टोबरला काय असते? दोघांनी सांगितले, दिवाळीची सुट्टी. एका मुलीने मात्र बसल्या जागेवरून हळूच सांगितले, “सर, पोलीस स्मृतिदिन.” तिचे बालपण पोलीस लाइनीत गेलेले. म्हणजे ज्यांच्यासाठी दिवस पाळायचा, त्यांच्याच घरी तो माहीत! हे उलटेच झाले, नाही का?

तर हकीकत अशी. १९५९ सालापर्यंत तिबेटच्या सीमेवर आजच्यासारखे सैन्य नव्हते. शेकडो मैलांची ती सरहद्द, आणि तिच्यावर नजर ठेवण्याचे काम बऱ्याच ठिकाणी पोलिसांकडे होते. पूर्व लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज नावाचे एक ठाणे होते. आपल्या कोकणात राजापूरला किंवा उन्हवऱ्याला जी उन्हाळी आहेत, तसेच गरम पाण्याचे झरे तिथेही आहेत, म्हणून हे नाव. साम्य एवढेच. बाकी समुद्रसपाटीपासून सुमारे १६,००० फूट उंची, झाड नाही, झुडूप नाही आणि हवाही निम्मीच. या ठाण्यावर केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान होते. लनक खिंडीच्या दिशेने पुढची एक मोहीम जायची होती, तिच्या तयारीसाठी २० ऑक्टोबरला तीन टेहळणी तुकड्या बाहेर पडल्या. दुपारपर्यंत दोन परतल्या. तिसरी आली नाही. ती तुकडी केवढी? दोन शिपाई आणि एक हमाल.

मला या हकीकतीतला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि भाषणांतून तोच बहुधा गाळला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यावर जेवढी माणसे मोकळी होती तेवढी शोधाला निघाली. ती गड जिंकायला निघाली नव्हती, कोणाची आगळीक मोडून काढायलाही नव्हती. आपले दोन शिपाई आणि एक ओझेवाला रात्रभर थंडीत कुठे राहिले, हे पाहायला ती निघाली होती. पुढे घोड्यावर अधिकारी करम सिंग, मागे पायी चालणारे सुमारे वीस जवान. दुपारच्या सुमारास एका टेकाडावरून चिनी सैन्याने त्यांच्यावर गोळीबार केला, हातबाँब टाकले. आडोसा म्हणून काही नव्हते. दहा जण जागीच गेले. सात जखमी होऊन चिन्यांच्या हाती लागले. बाकीचे कसेबसे निसटले. मृतदेह चीनने परत दिले ते १३ नोव्हेंबरला, म्हणजे तीन आठवड्यांहून अधिक काळाने, आणि तिथेच, त्या झऱ्यांपाशी, पोलिसी इतमामाने त्यांचे दहन झाले.

पुढे जानेवारी १९६० मध्ये देशभरच्या पोलीस महानिरीक्षकांची वार्षिक परिषद भरली. तिने ठरवले की २१ ऑक्टोबर हा दिवस सर्व राज्यांच्या पोलिसांनी स्मृतिदिन म्हणून पाळायचा. तेव्हापासून तो अखंड चालू आहे. हॉट स्प्रिंग्जला स्मारक आहे, आणि निरनिराळ्या राज्यांच्या पोलिसांची एक तुकडी दरवर्षी तिथवर चढून जाऊन मानवंदना देऊन येते. दिल्लीला चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहायला मात्र २०१८ साल उजाडले. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला त्याचे उद्घाटन झाले. तीस फूट उंचीची, २३८ टन वजनाची एकसंध ग्रॅनाइटची शिळा, आणि शेजारी भिंतीवर नावे. स्वातंत्र्यापासून तोवर कामावर असताना मृत्यू आलेल्या ३४,८४४ पोलिसांची. हा आकडा आता ३६,००० च्या वर गेला आहे.

हा स्मृतिदिन पाळतात कसा, तेही सांगतो, कारण एरवी आपल्याला तो पाहायला मिळत नाही. मुंबईत नायगावच्या पोलीस हुतात्मा मैदानावर, आणि आपल्या पुण्यासह सगळ्या जिल्ह्यांच्या ठिकाणी, सकाळी संचलन होते. भाषण आटोपशीर. मुख्य कार्यक्रम म्हणजे यादी. मागच्या वर्षाच्या १ सप्टेंबरपासून या वर्षाच्या ३१ ऑगस्टपर्यंत साऱ्या भारतात जेवढे पोलीस कर्तव्यावर असताना गेले, त्या सर्वांची नावे मोठ्याने वाचायची. हुद्दा, नाव, दल. हुद्दा, नाव, दल. केरळचा शिपाई, मणिपूरचा हवालदार, छत्तीसगडचा उपनिरीक्षक. वाचणाऱ्याची जीभ परप्रांतीय नावांवर अडखळते, पण वाचायचे सगळे. मग शोकशस्त्र, म्हणजे बंदुकीची नळी जमिनीकडे आणि माना खाली. बिगूल वाजतो, फैरी झडतात, फुले वाहिली जातात, आणि लोक पांगतात.

आता या यादीविषयी एक गोष्ट आपल्या ध्यानात यावी असे मला वाटते. पोलीस खाते हे उतरंडीचे खाते. शिपाई, हवालदार, सहायक फौजदार, फौजदार आणि वर कितीतरी पायऱ्या. कोणी कोणाला सलाम ठोकायचा याचे तिथे नियम आहेत. पण यादी वाचताना पोलीस अधीक्षक ताठ उभा राहून शिपायाच्या नावाला सलाम करतो. वर्षातून एकदा का होईना, पण करतो. आणि यादीत शिपायांची नावेच सर्वांत अधिक असतात, हे ओघानेच आले.

उलट आपली, म्हणजे नागरिकांची, आठवण पाहा. ती हुद्दा पाहून चालते, आणि प्रसंग पाहून चालते. मोठा हल्ला झाला, वर्तमानपत्रात छायाचित्र आले, तर नाव लक्षात राहते. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र घ्या. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर ही नावे महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक आहेत, आणि ती असायलाच हवीत. मोठ्या हुद्द्याची माणसे स्वतः पुढे गेली होती, याचे मोल कमी नाही. पण त्या रात्री सर्वांत दूरगामी काम केले ते एका सहायक फौजदाराने. तुकाराम ओंबळे त्यांचे नाव. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. आधी सैन्यात नोकरी केली, मग मुंबई पोलिसांत आले. त्या रात्री त्यांना काम कोणते होते? गिरगाव चौपाटीजवळ नाकाबंदी. पोलिसाच्या आयुष्यातले सर्वांत कंटाळवाणे काम! गाडी थांबवा, काच खाली करायला सांगा, आत डोकावा, जाऊ द्या. हातात काठी.

पळवलेल्या मोटारीतून दोघे हल्लेखोर तिथे आले. चकमकीत एक मेला. दुसरा, अजमल कसाब, बाहेर पडून बंदूक चालवू लागला. ओंबळे यांनी त्या एके-४७ ची नळी हातांनी धरली. गोळ्या पोटात गेल्या तरी सोडली नाही. तेवढ्या अवधीत मागच्या पोलिसांनी कसाबला जिवंत पकडले. ‘जिवंत’ या शब्दावर जरा थांबू या. दहाही हल्लेखोर मेले असते तर ते कोण, कुठून आले, कोणी धाडले, यावर वर्षानुवर्षे नुसता वाद झाला असता. एक जण जिवंत सापडल्यामुळे खटला उभा राहिला, जबाब झाला, पुरावा झाला. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने शिक्षा दिली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी आपल्याच पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात तिची अंमलबजावणी झाली. गोळीला गोळी देणे वेगळे आणि गुन्हेगाराला कायद्याच्या दारात उभे करणे वेगळे. दुसरे काम पोलिसाचे. ओंबळे यांनी ते जीव देऊन केले. २६ जानेवारी २००९ ला त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. करकरे, कामटे आणि साळसकर यांनाही. जाता जाता एक सांगतो. २०२१ साली ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या जातीला संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले, ते ओंबळे यांच्या स्मरणार्थ. पुतळ्यापेक्षा मला हे जास्त आवडले. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात एकदा नाव गेले की सहसा निघत नाही.

पण ओंबळेही आता प्रसिद्ध झाले. ज्यांच्याभोवती एवढा मोठा प्रसंग नव्हता त्यांचे काय? विलास शिंदे हे नाव आपल्यापैकी किती जणांना आठवते? मुंबईच्या वाहतूक शाखेतले पोलीस. २३ ऑगस्ट २०१६ रोजी खारमध्ये, एका पेट्रोल पंपाजवळ, त्यांनी शिरस्त्राण न घातलेल्या एका अल्पवयीन मुलाची दुचाकी अडवली आणि परवाना मागितला. मुलाने भावाला बोलावून घेतले. भावाने येऊन लाकडी दांडक्याने शिंदे यांच्या डोक्यावर मारले. आठ दिवस ते रुग्णालयात होते. ३१ ऑगस्टला गेले. तिथे ना अतिरेकी होता, ना सरहद्द. परवाना मागणे एवढेच निमित्त. तो परवाना आमच्या वारज्याच्या पुलाखाली रोज शेकडो वेळा मागितला जातो, आणि दर वेळी समोरचा माणूस आधी आवाज चढवतो, मग ओळखीच्या कोणाला तरी फोन लावतो. बलिदान ही गोष्ट आपण समजतो तेवढी दूरची नाही, हे यावरून दिसावे.

तिसरा प्रसंग आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकाचा. गडचिरोलीचा. २००९ हे एकच वर्ष घेतले तरी फेब्रुवारीत मर्केगाव येथे पंधरा, मे महिन्यात हत्तीगोट्याला सोळा आणि ऑक्टोबरात लाहेरीला सतरा पोलीस माओवाद्यांच्या हल्ल्यांत गेले. त्या जिल्ह्यात १९९० च्या डिसेंबरात ‘सी-६०’ नावाचे पथक उभारले गेले. त्यात तिथलीच मुले घेतली, गोंडी बोलणारी, जंगलाच्या वाटा माहीत असलेली. म्हणजे जो मारला जातो तो त्याच मातीतला, आणि मारणाराही पुष्कळदा त्याच मातीतला. हे दुःख पुण्यात बसून पुरते कळत नाही. १ मे २०१९ रोजी, इकडे आपण महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन करून घरी येत होतो, तेव्हा कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात पोलिसांची गाडी उडाली. आदल्या रात्री माओवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली होती, तिकडे हे पथक निघाले होते. पंधरा पोलीस गेले. आणि त्यांच्याबरोबर गाडीचा चालक. ती गाडी खासगी होती, चालकही खासगी.

हॉट स्प्रिंग्जचा तो हमाल आठवला ना? साठ वर्षांचे अंतर आहे, पण पोलिसाच्या बरोबर कोणी ना कोणी बिनगणवेशाचा माणूस असतोच. ओझे वाहणारा, गाडी हाकणारा, वाट दाखवणारा. गणवेशाचा मान त्याच्या वाट्याला येत नाही. यादी हुद्द्याने सुरू होते, आणि त्याला हुद्दाच नसतो. माझ्या मते पोलिसांच्या मानाची गोष्ट करताना या माणसाला वगळणे बरे नव्हे.

येथे कोणी वाचक म्हणेल, मास्तर, तुम्ही एकच बाजू सांगता. पोलिसांनी लोकांवर केलेल्या गोळीबाराचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि महाराष्ट्रात तर तो टाळताच येत नाही. आपल्याकडे ‘हुतात्मा’ हा शब्द घरोघरी गेला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. मुंबईचा हुतात्मा चौक ज्यांच्या नावाने आहे, त्या शंभराहून अधिक जणांपैकी बहुतेक पोलिसांच्याच गोळीला बळी पडले. पुढे तोच शब्द नायगावच्या पोलीस मैदानालाही लागला. एकच शब्द गोळी खाणाऱ्या नागरिकालाही आणि कर्तव्यावर मरणाऱ्या पोलिसालाही! मला यात विसंगती दिसत नाही; अवघडपणा दिसतो, आणि तो अवघडपणा मनात ठेवूनच आपण मान द्यावा. जो पोलीस कोठडीत माणसाला मारतो त्याने विलास शिंद्यांच्या नावामागे लपू नये. आणि ज्याला शिपायाने एकदा उर्मट उत्तर दिले, त्याने त्या एका शिपायाचा राग साऱ्या यादीवर काढू नये. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. त्यातला पहिला शब्द आधी आहे, हे पोलिसांनी विसरू नये आणि आपणही. मान म्हणजे माफीपत्र नव्हे.

उलट मान देणे म्हणजे नेमकी चौकशी करणे, असेही मी म्हणेन. अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी काय केले ते पाहा. पती वीर म्हणून गौरवला गेला, पदक मिळाले; एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. मदतीची हाक केव्हा गेली, नियंत्रण कक्षात तिची नोंद काय झाली, कुमक का पोचली नाही, हे त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली कागद मिळवून तपासले, आणि २००९ साली ‘टू द लास्ट बुलेट’ या पुस्तकात मांडले. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीनेही त्या रात्रीच्या उणिवांचा विचार केला. शस्त्रे कोणती होती, जॅकेटे कशी होती, सराव किती झाला होता, हे सगळे प्रश्न मग पुढे आले. हार घालणे सोपे आहे. जॅकेट गोळी अडवते की नाही, हे हार घालण्यापूर्वी पाहायचे असते.

आतापर्यंत बंदुकीने आलेल्या मरणांविषयी बोललो. पण पोलिसाला मरण पुष्कळ वाटांनी येते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपण घरात बसलो होतो, तेव्हा चौकाचौकांत पोलीस उभे होते. कोणाला दूध हवे, कोणाला औषध, कोणाला नुसते फिरून यायचे, आणि सगळ्यांशी तोंड द्यायचे यांनी. महाराष्ट्रात तीनशेहून अधिक पोलीस त्या साथीत दगावले. मुंबईत तर सुरुवातीच्याच काही मृत्यूंनंतर पंचावन्न वर्षांपुढच्या पोलिसांना घरी थांबण्यास सांगावे लागले. तो काळ आपण चटकन विसरलो. विसरावासाच होता म्हणा. पण त्या वर्षीच्या टाळ्या आणि थाळ्या कोणाकोणासाठी वाजल्या, हे तरी आठवावे.

आणि ज्याला मरण म्हणता येत नाही, पण जे आयुष्य हळूहळू कमी करते, तेही एक आहे. ते म्हणजे कामाचे तास. महाराष्ट्र पोलीस अधिनियम हा मूळचा १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम. त्याच्या २८ व्या कलमात असे म्हटले आहे की पोलीस हा सदैव कर्तव्यावर आहे असे मानले जाईल. ‘सदैव’! कायद्याचा अर्थ असा, की रजेवर असतानाही गरज पडली तर त्याला बोलावता यावे. पण व्यवहारात त्या एका शब्दाने बारा तासांची पाळी नेहमीची करून टाकली. आपल्या पुण्याची विसर्जनाची मिरवणूक घ्या. अनंत चतुर्दशीला सकाळी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, अलीकडे तर त्याहूनही पुढे चालते. आपण तासभर पाहून, दोन भेळी खाऊन घरी येतो. कठड्याशी उभा राहिलेला शिपाई बेलबाग चौकात आदल्या दिवसापासून उभा असतो, आणि त्याच्या घरचा गणपती कोणी विसर्जित केला हे त्याला संध्याकाळी फोनवर कळते. गुडघे, पाठ, रक्तदाब, साखर, हे त्या उभे राहण्याचे व्याज. वर्षानुवर्षे ते चढत जाते.

बरे, यावर त्याने बोलावे कुठे? गिरणी कामगाराने संप केला, शिक्षकाने मोर्चा काढला, एस.टी. कर्मचाऱ्याने काम बंद ठेवले. पोलिसाला हे काहीच करता येत नाही. १९६६ च्या एका केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर मर्यादा घातलेल्या आहेत. महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना काही काळ होती. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांच्या असंतोषाचा रस्त्यावर भडका उडाला, बाहेरची दले आणावी लागली, आणि ती संघटना मोडीत निघाली. शस्त्रधारी माणसांनी संप करणे धोक्याचे आहे, हे मलाही मान्य आहे. पण मग त्याचा परिणाम काय होतो तेही पाहायला हवे. जो इतर सर्वांच्या मोर्च्यांना बंदोबस्त देतो, त्याच्या मागण्या घेऊन रस्त्यावर उतरणारे कोणी उरत नाही. त्याच्यासाठी बोलायचे तर घरच्या बायकामाणसांनी बोलायचे, नाहीतर आपण.

तरीही या गप्प बसवलेल्या खात्यातून एका शिपायाने आपले म्हणणे पुढे नेले, ही गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यातले शिपाई रवींद्र पाटील. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. कागद घेऊन गणित मांडले. ठाण्यात माणसे किती, कामे किती, आहे त्याच संख्येत आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या कशा बसवता येतील. तो आराखडा वरपर्यंत गेला. तेव्हाचे मुंबईचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो बाजूला सारला नाही. मे २०१६ मध्ये देवनार ठाण्यातच प्रयोग सुरू केला, आणि मग तो इतर ठाण्यांत नेला. शिपायाचा कागद आयुक्ताने वाचणे ही आपल्याकडे किरकोळ घटना नव्हे. पुढे साथीच्या काळात पाळ्यांची घडी पुन्हा विस्कटली. २०२१ पासून महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या पाळीचे आदेश निघाले, त्यात सुरुवातीच्या प्रयोगासाठी पुणे ग्रामीणही होते. पण सण आला, निवडणूक आली, मोठा कोणी पाहुणा आला की तास पुन्हा लांबतात. मनुष्यबळ कमी आहे, हे खात्याचे उत्तर खरेच आहे. मात्र ते अपुरेच का राहते, हा प्रश्न विधानसभेच्या उमेदवाराला विचारणारा मतदार मी अजून पाहिलेला नाही. पाणी विचारतात, रस्ता विचारतात, आमच्याकडे कचरा विचारतात. वारजे माळवाडीच्या ठाण्यात माणसे किती आणि त्यांना राहायला घरे कुठे, हे कोणी विचारत नाही.

तेव्हा, वाचकहो, येत्या २१ ऑक्टोबरला सकाळी काय करता येईल? फुले घेऊन जायलाच हवे असे नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या वर्षीचा आकडा येतो, तो वाचावा, आणि त्यात महाराष्ट्राचे किती ते पाहावे. घरात मुले असतील तर त्यांना दोन शिपायांची आणि हमालाची गोष्ट सांगावी. लढाईची गोष्ट नसली तरी मुलांना ती आवडते, कारण त्यात कोणीतरी हरवलेल्याला शोधायला निघालेले आहे. पुलाखालच्या माणसाने परवाना मागितला तर तो खिशातून काढून द्यावा.

आणि यादी ऐकायला मिळाली तर तिच्या तारखांकडे लक्ष द्यावे. वर्ष ३१ ऑगस्टला संपते. आपले विसर्जन बहुधा सप्टेंबरात येते. म्हणजे त्या मिरवणुकीच्या बंदोबस्तात एखादा शिपाई कोसळला, तर दीड महिन्याने येणाऱ्या २१ ऑक्टोबरला त्याचे नाव वाचले जात नाही. ते पुढच्या वर्षीच्या यादीत जाते. तोवर मधे आणखी एक गणेशोत्सव होऊन गेलेला असतो, त्याच चौकात त्याच कठड्याशी दुसरा कोणी उभा राहिलेला असतो, आणि त्याच्या घरची माणसे तेरा महिने थांबून मैदानाच्या कडेच्या खुर्च्यांवर येऊन बसलेली असतात.